चुकलेल्या वाक्यावरची टाळी

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पुण्यातल्या एका नाट्यगृहात, आमच्या नाटकातल्या कंडक्टरचे वाक्य गेले. दुसऱ्या प्रवेशात एसटी घाटात बंद पडते, प्रवासी खाली उतरतात, आणि कंडक्टर तिकिटांची पेटी कडेवर घेऊन सगळ्यांना उद्देशून एक लांबलचक भाषण ठोकतो. त्या भाषणाच्या चौथ्या वाक्याला तो थांबला. मी डाव्या विंगेत संहिता घेऊन उभी होते. प्रॉम्प्टिंग हेच माझे काम. तो थांबला तो अभिनयासाठी नव्हे, हे मला त्याच्या मानेवरून कळले. वाक्य शोधताना त्याची मान किंचित उजवीकडे कलते आणि तो विंगेच्या दिशेला कान देतो. मी शब्द पुरवला, आणि नेमक्या त्याच क्षणी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तीनशे माणसांना वाटले की हा मुलगा गहिवरला आहे, किंवा विसरला आहे, आणि दोन्हीपैकी काहीही असले तरी आपण त्याला धीर दिला पाहिजे. माझा शब्द त्या टाळ्यांत बुडाला. मी पुन्हा म्हटला, पुन्हा बुडाला. शेवटी आजीची भूमिका करणारी मुलगी जागची हलली, तिने काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि संहितेत नसलेले वाक्य टाकले, "अरे, गाडी बंद पडली म्हणून तूपण बंद पडलास का?" प्रेक्षक हसले, हशाच्या शेपटाला मला जागा मिळाली, मी शब्द दिला आणि गाडी पुढे निघाली.

प्रयोगानंतर रंगपटात बटाटेवडे आले होते. भेटायला आलेल्या माणसांची रांग होती. कोणी डोक्यावरून हात फिरवत होते, कोणी मोबाइल पुढे करत होते, एक बाई डोळे पुसत होत्या. गर्दी ओसरल्यावर कंडक्टर माझ्या शेजारी येऊन बसला, वडा हातात तसाच धरून. तो म्हणाला, "काकू, माझं वाक्य गेलं तेव्हा टाळ्या कशाला पडल्या?" मी म्हणाले, "लोकांना आवडलं रे." तो काही बोलला नाही. त्याने वड्याचा एक घास घेतला, सावकाश चावला, आणि मग कागदाचा बोळा करून विचारले, "कचऱ्याचा डबा कुठल्या बाजूला आहे?"

मी खोटे बोलले होते आणि ते त्याला कळले होते.

आमचा हा गट म्हणजे काही मोठी संस्था नाही. सात अंध कलाकार, चार डोळस कलाकार, एक तापट दिग्दर्शक आणि मागचे काम बघणारे आम्ही सहा-सात जण. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून आधी अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवायला जाऊ लागले आणि तिथून या तालमीत ओढली गेले. आल्याबरोबर जी भाषा कानावर पडली ती माझ्या कल्पनेतली नव्हती. दिव्यांग हा शब्द तिथे फक्त अर्ज भरताना निघत असे. एरवी एकमेकांची चौकशी "तू टोटल की पार्शल?", म्हणजे पूर्ण अंध की अंशतः, अशी सरळ व्हायची, आम्ही सगळे "डोळस" किंवा "साईटेड", परीक्षेला बसणारा लेखनिक म्हणजे "रायटर". काल सिनेमा "पाहिला" असेच ते म्हणत, आणि मी पहिल्या दिवशी "बघा" हा शब्द तोंडातून गेला म्हणून जीभ चावली तेव्हा आजी खो-खो हसली होती. आमच्यात एक महाविद्यालयीन मुलगा आहे, त्याला सगळे "एकशेवीस" म्हणतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरावे लागतात, ते भरण्यासाठी तो आला आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक तालमीनंतर डायरी पुढे करून सही मागत असे. तास कधीच भरले, सह्या संपल्या, पण तो अजून येतो. का येतोस, असे मी एकदा विचारले तर म्हणाला, "इथं मला कोणी गुड बॉय म्हणत नाही."

तालीम म्हणजे बहुतांशी सुताराचे काम असते, हे मला इथे समजले. आमचा सराव एका शाळेच्या सभागृहात चालतो. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने जमिनीवर सुतळी अंथरली आणि तिच्यावरून रुंद चिकटपट्टी मारली. ती रेघ पायाला लागते, डोळ्यांना फारशी दिसत नाही. मधली रेघ, तिला काटकोनात छेदणाऱ्या दोन रेघा, आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या दीड हात अलीकडे काथ्याची लांब चटई. चटईला तळवा लागला की थांबायचे. त्यापुढे प्रेक्षक आहेत. सगळे कलाकार अनवाणी काम करतात आणि पाहणाऱ्यांना ते ग्रामीण नाटकाचा भाग वाटते. पावले मोजलेली असतात, पण कंडक्टर मोजत नाही. तो म्हणतो की मोजायला लागलं की चेहरा मोजणाऱ्याचा होतो. तो आवाजावर चालतो. त्यामुळे त्याच्या समोरच्या नटाने बोलता बोलता तोंड फिरवले तर त्याची वाट चुकते, आणि आमच्या डोळस नटांना तोंड न फिरवता बोलायची सवय लावायला दीड महिना लागला. दिव्यांचेही तसेच. जुने हॅलोजनचे दिवे असले की आजीला आपण प्रकाशात आहोत की बाहेर, हे गालावर कळते. डावा गाल गरम, उजवा गार, म्हणजे अर्धे पाऊल डावीकडे सरकायचे. नव्या नाट्यगृहांत एलईडी आले, ते थंड असतात, आणि तिथे आजी हरवते. वीज वाचते हे खरे आहे, पण या तक्रारीचा अर्ज कोणाकडे करायचा हे आम्हांला अजून कळलेले नाही.

एक तालीम मात्र माझ्या मनातून जात नाही. एका प्रसंगात कंडक्टरने खिडकीतून डोकवायचे होते. दिग्दर्शक म्हणाला, "डोकाव." तो उभा राहिला. "अरे डोकाव ना." तो म्हणाला, "डोकावणं म्हणजे नक्की काय करतात?" जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाने कोणाला डोकावताना कुठे पाहिलेले असणार? आम्ही सगळे एकदम सांगू लागलो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात "बघणे" येत होते, जे त्याच्या काही उपयोगाचे नव्हते. एकशेवीस पुढे झाला, त्याने विचारले, "हात लावू का?", आणि कंडक्टरचा हात स्वतःच्या मानेवर ठेवून तो स्वतः डोकावला. मान लांब, खांदे मागे, पाय दाराच्या आतच, टाचा थोड्या उचललेल्या. कंडक्टरने त्याची मान, खांदे, कंबर, गुडघे, सगळे हाताने चाचपून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे डोकं बाहेर पाठवायचं आणि आपण घरीच राहायचं. शब्दातच आहे की. डोळ्याचा काही संबंधच नाही." तेव्हापासून त्या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. पन्नास वर्षे वापरला, त्यात डोके आहे आणि डोळा नाही, हे मला ऐकू आले नव्हते.

माझ्याकडे आणखी एक काम आहे, संवाद ध्वनिमुद्रित करण्याचे. ब्रेलमध्ये संहिता काढली तर तिचा गठ्ठा उशीएवढा होतो. पाटी आणि स्टायलस घेऊन लिहायला मी शिकले आहे, उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, कारण कागद उलटल्यावर वाचणारा डावीकडून उजवीकडे वाचणार असतो. पण माझी गती अशी की एक प्रवेश उतरवेपर्यंत नाटकाचा हंगाम संपेल. म्हणून मोबाइलवर वाचून पाठवते. सुरुवातीला मी भाव ओतून वाचत असे. शाळेत कथाकथनात बक्षिसे मिळवलेली बाई मी, हौस दाबून कशी ठेवणार! चार दिवसांनी कंडक्टरने निरोप पाठवला की काकू, सपाट वाचा, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे. तुम्ही अभिनय केलात की तुमचाच सूर माझ्या डोक्यात बसतो आणि मग माझा निघत नाही. दिसणारा नट कागदावरचे काळे शब्द वाचतो, त्या शब्दांना आवाज नसतो. तो आवाज शोधणे हेच त्याचे काम. माझ्या हौसेने मी त्याचे तेच काम हिरावून घेत होते, आणि मनात मात्र मदत केल्याचे समाधान होते.

त्या रविवारी रात्री झोप लागली नाही तेव्हा कारण नसताना मला एक रेल्वेचा डबा आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये गळ्यात पेटी अडकवलेले एक अंध गृहस्थ चढले आणि अभंग म्हणू लागले. आवाज खडबडीत होता, पण सुरात पक्का. वडिलांनी माझ्या हातावर चार आणे ठेवले आणि म्हणाले, "दे त्यांना, म्हणजे पुढे जातील." मी नाणे त्यांच्या डब्यात टाकले. खणकन आवाज झाला तसा त्यांनी चरण तिथेच तोडला, कपाळाला हात लावला आणि पुढच्या बाकांकडे सरकले. अंतरा राहिला तो राहिलाच. वडील कंजूष नव्हते की निष्ठुर नव्हते, गाण्याचे चांगले दर्दी होते; सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर शालीत गुरफटून बसायचे आणि एखाद्या गवयाचा सूर हलला तर चार दिवस घरात त्याची चर्चा करायचे. त्या गृहस्थांचा सूर हलला की नाही याची चर्चा घरात झाली नाही. ते गात होते, असे आमच्यापैकी कोणाला वाटलेच नव्हते.

नाटकाच्या सुरुवातीला एखादे भारूड घ्यावे, असे दिग्दर्शकाच्या मनात होते. एकनाथांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आणि पांगळाही आहे. त्याला वाटले, आंधळ्याचे भारूड अंध कलाकारांनी म्हटले तर प्रेक्षकांच्या अंगावर काटा येईल. बैठक चांगलीच तापली. आजी म्हणाली की त्या भारुडातला आंधळा म्हणजे अज्ञानात बुडालेला जीव. ते डोळस माणसाने अंगावर आंधळ्याचे सोंग घेऊन म्हटले तर ते रूपक आहे, आम्ही म्हटले तर ती कबुली होईल. पेटी वाजवणारा पार्शल मुलगा तिच्या उलट. नाथांनी चारशे वर्षांपूर्वी आम्हांला निदान रंगणात उभे तरी केले, बाकीच्यांच्या लेखी आम्ही देवळाच्या पायरीवरच होतो, असे त्याचे म्हणणे. मला दोघांचेही पटत होते आणि अजून पटते. शेवटी भारूड घेतले ते विंचवाचे. विंचू कोणालाही चावतो, असा निकाल कंडक्टरने दिला.

अंध कलाकारांचे नाटक हा काही आमचा शोध नव्हे. स्वागत थोरात यांनी आपल्याकडे हे काम कित्येक वर्षे केले आहे. 2008 साली 'स्पर्शज्ञान' हे मराठीतले ब्रेल पाक्षिक सुरू करणारे तेच. त्यांनी अंध कलाकारांना घेऊन मेघदूतावरचे नाटक उभे केले, याचा मला नेहमी अचंबा वाटत आला. ते काव्य पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसण्याचे आहे. ढग वरून जातो आहे आणि खाली नद्या, शिखरे, उज्जयिनीचे वाडे दिसत आहेत. आणि ते सांगणार कोण, तर ज्यांनी ढग पाहिलेला नाही ते. पण विरह पाहावा लागत नाही, आणि यक्षानेही अलकेचे वर्णन केले ते आठवणीतूनच, डोळ्यांसमोर होता तो रामगिरी. आनंदवनातला स्वरानंदवन हा वाद्यवृंदही मला असाच आठवतो. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग असे कलाकार विकास आमटे यांच्या पुढाकाराने एकत्र आले आणि त्यांनी गावोगाव कार्यक्रम केले. दानाने माणूस मिंधा होतो आणि कामाने उभा राहतो, हा बाबा आमट्यांचा आग्रह होता. तो शेतीला आणि हातमागाला लागू करणे त्या मानाने सोपे आहे. पिकलेली ज्वारी वजनकाट्यावर घालता येते. गाणे आणि नाटक कुठल्या काट्यावर घालणार? तिथे काटा प्रेक्षकाच्या हातात असतो, आणि तो दयेने वाकडा धरला तर उभे राहणाऱ्याला आपण उभे आहोत की आपल्याला कोणी धरून ठेवले आहे, हे कळायला मार्ग उरत नाही.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले ते आपल्या लक्षात राहते, पण त्यातले 29वे कलम सबंध सांस्कृतिक जीवन आणि करमणूक याविषयी आहे, कलाकार म्हणून त्यात भाग घेण्याविषयीही. आम्ही प्रयोग केला त्या नाट्यगृहाच्या दाराशी सुरेख उतार बांधलेला आहे, पितळी कठड्यासकट. तो तुम्हांला प्रेक्षागृहापर्यंत नेतो. रंगमंचावर जायला मात्र मागच्या बाजूने नऊ उंच, कठडा नसलेल्या पायऱ्या. अपंग माणूस नाटक बघायला येईल इतपत कल्पना बांधणाऱ्याने केली होती. तो नाटक करायला येईल, हे त्याच्या आराखड्यात नव्हते. व्यवस्थापकांना हे बोलून दाखवले तर ते अगदी मनापासून म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, आम्ही उचलून नेऊ."

लोकांना दोष देता देता मी स्वतःपाशी येते आणि थांबते. वर्षभर तालमीत मी काय करत होते? दिग्दर्शक ओरडायचा, "हे काय म्हशीसारखं चाललायस, पुन्हा घे," आणि मी मध्यंतरात त्या मुलापाशी जाऊन हळूच म्हणायची, "छान झालं हो, तो असाच आहे." मला वाटे मी उन्हात सावली धरते आहे. चहा आयता हातात द्यायचा, दंड धरून ओढत न्यायचे, वाक्य चुकले तरी मान डोलवायची, जी त्याला दिसतही नव्हती. दंड धरू नका, तुमचा कोपर द्या, मी धरतो, मग मी तुमच्याबरोबर चालतो, नाहीतर तुम्ही मला नेता, हे मला कंडक्टरनेच सांगितले होते. मी कोपर द्यायला शिकले आणि बाकीचे तसेच ठेवले. त्या रविवारी रंगपटात एकशेवीस आला तो थेट त्याच्यावर ओरडत, "अरे गाढवा, चौथं वाक्य परत गेलं! मला विंगेत घाम फुटला." आणि कंडक्टर, ज्याने मला कचऱ्याचा डबा विचारला होता, तो एकदम खुलला. दोघे पुढचा अर्धा तास ते वाक्य नेमके कुठे निसटते यावर भांडत होते. मी वड्यांच्या रिकाम्या ताटल्या गोळा करत ते ऐकत होते, आणि खरे सांगायचे तर मला त्या मुलाचा हेवा वाटला.

मे महिन्यात जुन्नर तालुक्यातल्या एका गावी यात्रेत प्रयोग ठरला. तिथे जाण्याआधी कंडक्टरने प्रस्ताव मांडला की या वेळी निवेदन नको. "हे सर्व कलाकार दृष्टिहीन असून" या वाक्याने आमचा प्रत्येक प्रयोग सुरू होत असे, ते काढून टाकायचे. पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको. यावर आमच्यात फूट पडली. आजी म्हणाली, लपवायचे कशाला, मी आहे ती आहे. दिग्दर्शक म्हणाला, न सांगता एखादा चटईपुढे गेला तर लोक मला झोडतील. अखेर ठरले ते अर्धवटच: कोणी विचारले तर सांगायचे, आपणहून नाही. मांडव कापडी, दिवे जुने, म्हणजे आजी खुशीत. पुढे सतरंजीवर पोरे, मागे खुर्च्या, डावीकडे पाळण्यांचा कर्कश करकराट आणि भज्यांच्या कढईचा वास. पहिल्या प्रवेशात कोणीही हसले नाही. दुसऱ्या प्रवेशात एसटी बंद पडली तसे मागून कोणीतरी ओरडले, "ढकला की आता!" आणि कंडक्टर आवाजाच्या दिशेला वळून म्हणाला, "तिकीट काढलंयस का तू? मग उतर खाली." मांडव कोसळायचा बाकी राहिला. चौथे वाक्य नीट आले आणि त्यावर टाळी पडली नाही. त्यानंतरचा पंचायतीचा प्रवेश मात्र पडला. पोरे उठून पाळण्यांकडे गेली, दोन म्हातारे आपसांत कांद्याच्या भावाचे बोलू लागले. मी विंगेत हवालदिल झाले होते. शेवटी जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या कोणत्याही बऱ्यापैकी नाटकाला पडतात. शेवटच्या नमस्काराला पुढच्या एका बाईंनी शेजारणीला विचारलेले मला ऐकू आले, "त्या म्हातारीला खरंच दिसत न्हाई का गं?" शेजारीण म्हणाली, "सोंग असंल."

परतीच्या टेम्पोत आजी त्या "सोंग असंल"वर नारायणगावापर्यंत हसत होती. कंडक्टर गप्प होता. मला वाटले, पंचायतीचा प्रवेश पडला म्हणून खट्टू झाला असेल, आणि नेहमीप्रमाणे "छान झालं" ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि म्हणाले, "पंचायत पडली रे." तो लगेच म्हणाला, "हो ना! सरपंच उठून बोलायला लागला तेव्हा पहिल्या दोन खुर्च्या सरकल्या. मग डावीकडून सहा-सात. कापायला पाहिजे काकू, निदान पाच मिनिटं. तुम्हांला कुठे कंटाळा आला?" मी सांगितले. तो म्हणाला, "नाही, तिथं नाही, त्याच्या आधी." आणि आम्ही मंचर येईपर्यंत वाद घातला.

काटछाट केलेला प्रवेश मी परवा रात्री वाचून पाठवला. सगळे निजल्यावर, पंखा बंद करून, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, रेल्वेच्या घोषणेसारखा. सकाळी उठले तेव्हा त्याचा निरोप आलेला होता, अकरा सेकंदांचा. "काकू, सरपंचाच्या तिसऱ्या वाक्यात तुम्ही अभिनय केलाय. वाईट केलाय. परत पाठवा." चहा गॅसवर तसाच ठेवून मी पंखा बंद केला आणि संहिता उघडली.